मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन आरव्हीने यलोस्टोन, अजिबात घाई न करता

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा आमच्याकडे डॅलसला येणार आहेत. मुलांना तेव्हा सुट्टी असेल, म्हणून सगळ्यांनी मिळून आरव्ही (आत पलंग, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह असलेली मोठी गाडी) घेऊन नॅशनल पार्क बघायला जायचा विचार आहे. इथल्या बऱ्याच जणांनी अशी सहल केली असेल, तेव्हा सविस्तरच लिहिते. घरातली परिस्थिती नीट कळली तर तुम्हालाही सल्ला देणं सोपं जाईल.

आम्ही सहा जण. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा, म्हणजे त्याला कार सीट लागते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आई ठणठणीत आहे, पण बाहेरचं खाणं तिला सोसत नाही आणि बाबांच्या जेवणाच्या वेळा ती कशासाठीही चुकू देत नाही.

मागच्या वेळी ते आले तेव्हा ग्रँड कॅन्यनला नेलं होतं. बाबांचं अर्धं लक्ष पुढचं स्वच्छतागृह किती लांब आहे ह्यातच होतं. दरी पाहिली त्यांनी, पण निवांत बसून पाहता आली नाही. आरव्हीचा विचार तिथूनच सुरू झाला. स्वच्छतागृह चार पावलांवर, आईला हवा तेव्हा गरम वरण-भात, बाबांना दुपारी आडवं व्हायला हक्काची जागा. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली, त्यामुळे एवढी मोठी गाडी आतून कशी असते ह्याचं त्यांना आत्तापासूनच कुतूहल आहे.

विमानाने सॉल्ट लेक सिटीला जाऊन तिथून आरव्ही घ्यायची, इथपर्यंत घरात एकमत आहे. नवऱ्याच्या आराखड्यात ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि परत येताना खाली युटामधले आर्चेस, ब्राइस, झायन असं सगळं आहे. मला ते फार वाटतंय. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना जास्तीत जास्त दाखवावं ही त्याची तळमळ मला कळते. मला मात्र आई-बाबांनी एखाद्या तळ्याकाठी खुर्ची टाकून चहा प्यावा आणि मुलांनी आसपास खेळावं, एवढंच हवं आहे. वेळ आठवडाभर, फार तर वर एखादा दिवस.

तर जाणकारांनी कृपया सांगा: कुठे मुक्काम करावा आणि किती ठिकाणी? सहा जणांना किती फुटी आरव्ही लागेल? एकदा जागेवर लावली की रोज फिरायला तीच बाहेर काढायची, की सोबत दुसरी गाडी घ्यायची? यलोस्टोनच्या उंचीचा बाबांना त्रास होईल का? आणि प्रवेश शुल्काचे नियम बदललेत म्हणतात, ते आई-बाबांना कसे लागू होतात?

आगाऊ आभार.

प्रतिसाद (सॉल्ट लेक सिटीहून)

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. खालचा युटा ह्या वेळी सोडा. जूनमध्ये झायनच्या दरीत पारा सहज ३८ अंशांवर जातो. शिवाय झायनचा १९३० सालचा बोगदा तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा आहे, मोठ्या आरव्हींना तिथे निर्बंध आहेत. ते तीन पार्क ऑक्टोबरमध्ये साध्या गाडीने करा.

यलोस्टोन आणि ग्रँड टीटन एकमेकांना लागून आहेत, म्हणजे एकाच रस्त्यावर दोन्ही होतात. फक्त पहिल्याच दिवशी थेट तिथवर पोचायचा हट्ट नको. सॉल्ट लेक सिटी ते ग्रँड टीटनजवळचं जॅक्सन गाव साध्या गाडीला पाच तासांच्या आसपास लागतात, आरव्हीला जेवणखाण धरून सात धरा. वाटेत लोगन कॅन्यनमधून उतरलात की बेअर लेक लागतं. युटा आणि आयडाहोच्या सीमेवरचं हे तळं. पाण्यात तरंगणाऱ्या चुन्याच्या कणांमुळे त्याचा रंग फिरोजी दिसतो. पहिली रात्र तिथे काढा. गाडीची सवय होईल, काही सामान राहिलं असेल तर लोगनमध्ये घेता येईल.

दुसरा फायदा उंचीचा. डॅलस जेमतेम ४५० फुटांवर. सॉल्ट लेक सिटी ४,२००, बेअर लेक ५,९०० च्या पुढे, जॅक्सन ६,२०० आणि यलोस्टोन लेक ७,७३३ फूट. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे, म्हणजे तुमचा मुक्काम कळसूबाईच्याही बराच वर असणार. टप्प्याटप्प्याने चढणं बाबांना बरं पडेल.

बेअर लेकनंतर मुक्काम दोनच ठेवा. आधी ग्रँड टीटनमधलं कोल्टर बे, मग यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज. दोन्हीकडे पाणी, वीज आणि सांडपाणी असं पूर्ण हुकअप, म्हणजे जागेवरच गाडीला जोडणी, आहे. यलोस्टोनच्या आत पूर्ण हुकअप असलेलं फिशिंग ब्रिज हे एकमेव कॅम्पग्राउंड. तिथे तंबूला परवानगी नाही, फक्त टणक भिंतींच्या गाड्या, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा आहे. बुकिंग वर्षभराहून आधी उघडतं, त्यामुळे आता जागा दिसली नाही तर नाउमेद होऊ नका. लोक रद्द करत असतात, रोज सकाळ-संध्याकाळ साइट उघडून बघत राहा. जागा मिळाल्याशिवाय आरव्हीचे पैसे मात्र भरू नका.

जॅक्सनला जाताना नकाशा टीटन पास ह्या खिंडीतून नेऊ लागला तर ऐकू नका. तो चढ १० टक्क्यांचा आहे. अल्पाइन गावावरून नदीकाठचा रस्ता धरा.

प्रतिसाद

मी सासू-सासऱ्यांना घेऊन ह्याच भागात आरव्हीने गेले आहे, म्हणून गाडीबद्दल लिहिते.

सोबत दुसरी गाडी घ्याच. सात जणांची मिनीव्हॅन. खर्च वाढतो हे खरं, पण आरव्ही एकदा जागेवर लावली की परत निघेपर्यंत हलवायची नाही, ही मोकळीक त्या पैशांत मिळते. नाहीतर रोज सकाळी पाण्याचा पाइप काढा, वीज काढा, भांडी कपाटात बंद करा, कपाटांच्या कड्या लावा, ह्यात दोन तास जातात आणि बाबा तयार होऊन बसून राहतात. आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल देते आणि भाड्यात मैलांचे पैसेही वेगळे असतात, त्यामुळे मिनीव्हॅनचा काही भाग तिथेच वसूल होतो.

शिवाय आरव्हीला काही रस्ते बंदच आहेत. टीटनमधल्या सिग्नल माउंटनच्या माथ्यावर साध्या गाडीने थेट जाता येतं, आरव्हीला मनाई आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला न चालता अख्खी टीटनची रांग दिसेल अशी ती जागा. मूस-विल्सन रस्त्यावरही आरव्ही चालत नाही. यलोस्टोनमधल्या मिडवे गीझर बेसिनचं (गरम पाण्याच्या कुंडांची जागा) पार्किंग इतकं लहान की तिथे मोठी गाडी घेऊन शिरणं नकोच.

गाडी २५ फुटांच्या आसपासची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली घ्या. वरचा पलंग मुलांचा. मागचा पलंग आई-बाबांचा, पण बुक करताना एक गोष्ट आवर्जून विचारा: पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का? कित्येक गाड्यांत तो कोपऱ्यात बसवलेला असतो. मग रात्री उठायचं तर शेजारच्याला ओलांडून जावं लागतं. कार सीट पुढे तोंड असलेल्या आसनावरच लावायची, आडव्या बाकावर नाही. मिनीव्हॅन घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही.

स्वयंपाकाचं सांगते. लहान कुकर घरून न्या. त्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांलाच उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. ज्वारीचं पीठ, मेतकूट, भाजणी, पोह्यांचा चिवडा डॅलसहूनच बांधून न्या. भांडी घासताना आपल्याला नळ सोडून ठेवायची सवय असते. बेअर लेकला हुकअप नसलेली जागा मिळाली तर सांडपाण्याची टाकी एका रात्रीत भरेल. आईंना आधीच दाखवून ठेवा. जेवण झाल्यावर बाहेरच्या टेबलावर काहीही ठेवायचं नाही, रिकामा कुकरसुद्धा नाही. अस्वलांसाठी हा नियम फार कडकपणे पाळला जातो आणि तो योग्यच आहे.

प्रतिसाद

बाबांच्या तब्येतीबद्दल. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी उंचीबद्दल नक्की बोला, हृदयाचं काही असेल तर जास्तच. पोचल्यावर पहिला दिवस मोकळा ठेवा, पाणी भरपूर प्यायला द्या. इन्सुलिन असेल तर आरव्हीचा फ्रिज आधी तपासा. बऱ्याच आरव्हींतले फ्रिज गाडी सपाट जागेवर असेल तरच नीट गार करतात, म्हणून चाकांखाली ठोकळे लावून गाडी समतल करणं टाळू नका. उन्हाळ्यात फिशिंग ब्रिजजवळ लेक भागात दवाखाना चालू असतो, ओल्ड फेथफुल ह्या गरम पाण्याच्या प्रसिद्ध फवाऱ्यापाशीही आहे. मोठं रुग्णालय जॅक्सनला. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा औषधांची यादी आणि विम्याची कागदपत्रं छापून ठेवा.

जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. साताऱ्याच्या माणसांना स्वेटर पुरणार नाही, कानटोप्या आणि जाड जाकिटं हवीत.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला धागा वाचायला दिला. सिग्नल माउंटनचं वाचून त्याने स्वतःच झायन आणि ब्राइस खोडले. पलंगाचं माझ्या कधीच लक्षात आलं नसतं.

बाबांना चालायला फार न लावता यलोस्टोनमध्ये काय काय दाखवता येईल? आणि शुल्काचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद

फिशिंग ब्रिज यलोस्टोनमधल्या खालच्या (दक्षिणेकडच्या) वर्तुळाकार रस्त्यावर आहे, त्याची पूर्ण प्रदक्षिणा ९६ मैलांची. ती एका दिवसात करू नका. एका दिवशी उत्तरेला हेडन व्हॅली. पहाटे किंवा संध्याकाळी जा, बायसनचे, म्हणजे अमेरिकन गव्यांचे, कळप गाडीतूनच दिसतात, आणि जूनमध्ये त्यांची नारिंगी वासरं सोबत असतात. गवे आणि एल्क (मोठी हरणं) ह्यांच्यापासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड अंतर हवंच. मुलांना हे आधी नीट समजावा. पुढे कॅन्यन भागात आर्टिस्ट पॉइंट, वाहनतळापासून अगदी थोडं चालणं. समोर ३०८ फुटांचा लोअर फॉल्स. दुपारी परत येऊन झोपा.

दुसऱ्या दिवशी वेस्ट थंब. तळ्याच्या काठावरच उकळती कुंडं आहेत, लाकडी वाटेने सावकाश फिरता येतं. तिथून ओल्ड फेथफुल १७ मैल. मधे आयसा लेक नावाचं लहानसं तळं लागेल, त्याचं पाणी एकीकडून अटलांटिकच्या आणि दुसरीकडून पॅसिफिकच्या बाजूला वाहतं. तुमच्या मुलीला नकाशावर दाखवा. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो आणि पुढची वेळ दहा मिनिटांच्या फरकाने लावलेली असते. ती बघून घ्या, मिनीव्हॅनमध्येच डबा खा आणि वीस मिनिटं आधी बाकावर जाऊन बसा. स्वच्छतागृहं तिथे जवळच आहेत.

शुल्क: जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांत नेहमीच्या प्रवेश शुल्काव्यतिरिक्त माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात, सोळा वर्षांखालच्यांना नाही. यलोस्टोन आणि ग्रँड टीटन दोन्ही त्यात आहेत. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरला, परदेशी पाहुण्यांचा २५० ला. त्यांच्याकडे तो असला की जादा १०० लागत नाहीत. दोन पार्कांचे दोघांचे मिळून ४०० होतात, तेव्हा बाबांच्या नावावर तो पास घ्यायचा हिशोब करून बघा. तुमच्या पासवर तुमच्याच गाडीतून आई-बाबा आले तर काय, हे पार्कच्या कार्यालयाला फोन करून विचारा. आणि एक पास एका गाडीपुरता असतो. आरव्ही आणि मिनीव्हॅन अशा दोन गाड्या गेटवर येणार, दुसरीचे दर पार्कला ३५ डॉलर धरून ठेवा.

धागाकर्ती

बेअर लेक, कोल्टर बे, फिशिंग ब्रिज हे आता नक्की. कोल्टर बेची जागा आज सकाळी कुणीतरी सोडली, ती घेतली. फिशिंग ब्रिज अजून मिळालेलं नाही, रोज बघते आहे. बाबांच्या डॉक्टरांची वेळ साताऱ्यातच घेतली.

आता दोनच शंका. परतीचा प्रवास फिशिंग ब्रिजहून वेस्ट यलोस्टोन, आयडाहो फॉल्समार्गे करावा, की आलो तसंच जॅक्सनवरून? बाबांना वाटेत एक मुक्काम लागेलच. आणि सॉल्ट लेक सिटीत आरव्ही परत करण्याआधी टाक्या रिकाम्या करायला शहराजवळची सोयीची जागा कोणती?