बापानं काढलेला पक्ष पोरानं कसा पाडला? (बोत्सवाना)

वणीचा पोट्टा: एमपीएससीचा अभ्यास करता करता आफ्रिकेतल्या बोत्सवानात अडकलो. सेरेत्से खामानं १९६२ मध्ये बोत्सवाना डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष काढला, १९६६ मध्ये तोच पहिला राष्ट्राध्यक्ष. पोरगा इयान २००८ ते २०१८ त्याच खुर्चीवर. इथवर आपल्याकडच्यासारखंच. पण २०१९ मध्ये इयान त्याच पक्षाच्या विरोधात प्रचाराला फिरला. घरच्याच पक्षात भांडण कायचं?

गुरुजी, आर्वी: बाळा, गोम खुर्ची सोपवण्याच्या पद्धतीत आहे. राष्ट्राध्यक्षाला दहा वर्षांची मर्यादा. त्याने मध्येच पद सोडलं की उपराष्ट्राध्यक्ष आपोआप वर चढतो. इयान लष्करप्रमुख होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी १९९८ मध्ये त्याला उपराष्ट्राध्यक्ष केलं आणि १ एप्रिल २००८ ला निवडणूक न होताच तो राष्ट्राध्यक्ष झाला. २०१८ मध्ये त्यानेही मोकग्वेत्सी मसिसींना तसंच बसवलं. आपण बसवलेला माणूस आपलं ऐकेल, असा हिशोब असावा. मसिसींनी ऐकलं नाही. सरकारी विमानावरूनही वाजलं.

धानवाला, सिंदेवाही: गुरुजी, विमानाचं राहू द्या, शिकारीचं सांगा ना! इयान खामानं २०१४ मध्ये शिकारीचे परवानेच बंद केले. त्या देशात हत्ती लाखाच्या वर. इयानचा जन्म इंग्लंडातला, शिक्षण तिकडच्याच सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतलं, पर्यटकाले हत्ती दाखवाचे म्हणून त्याले बंदी बरीच वाटली असंन. आमी इकडं जागलीवर टिनाचा डबा बडवत बसतो. मागच्या हंगामात धान दुधावर आलं, रानडुकरं बांधीत लोळून गेले, लोंब्या चिखलात. पंचनाम्याले माणूस आला तवा पावसानं खुरांच्या खुणाच धुऊन नेल्या, मंग म्हणते, डुक्कर कशावरून? तिकडं चोबे म्हणून हत्तींचा भाग आहे, तिथल्या शेतकऱ्याचं मले समजावून सांगा लागत नाही. मसिसीनं मे २०१९ मध्ये बंदी उठवली, आन त्याच महिन्यात खामा पक्षाबाहेर.

गुरुजी, आर्वी: भाऊ, तारखा बरोबर, पण एकट्या हत्तींवर सगळं लादू नका. घराणं बामांग्वातो जमातीच्या प्रमुखांचं, १९७९ पासून इयान स्वतः प्रमुख. त्यांची गढी म्हणजे सेरोवे. २०१९ मध्ये त्याने पाठिंबा दिलेल्या नव्या पक्षाला तीन जागा मिळाल्या, तिन्ही सेरोवेतल्या. जुन्या पक्षाने ५७ पैकी ३८ घेतल्या. म्हणजे तेव्हा पडला नाही. मग खामा दक्षिण आफ्रिकेत गेला, मागे बेकायदा शस्त्रांचा खटला. निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये परतला. ऑक्टोबरात ५८ वर्षांची सत्ता गेली. बेरोजगारी, हिऱ्यांची मंदी, हीही कारणं होतीच.

वणीचा पोट्टा: मग राष्ट्राध्यक्ष खामाच्याच पक्षाचा?

गुरुजी, आर्वी: नाही रे. तिसऱ्याच आघाडीचे डुमा बोको. बापाच्या पक्षाला चार जागा, पोराच्या बाजूच्या पक्षाला पाच.

धानवाला, सिंदेवाही: एका जागेनं जिंकला म्हना!