व्हेज डिशमधला दाशी

कुणीतरी म्हटलंय की जपानी-मेडिटरेनियन रेस्टॉरंटमध्ये व्हेजवाल्यांनी डोळे मिटून मिसो रिसोट्टो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट (मिसो) घातलेला इटालियन मऊ भात, मागवावा. चवीबद्दल शंभर टक्के सहमत, त्यातलं पार्मेजान चीज आणि दाशी एकत्र आले की उमामीची, म्हणजे जिभेवर रेंगाळणाऱ्या त्या खमंग चवीची, नुसती बेरीज होत नाही, कैक पटीने वाढते. पण डोळे मिटून नको, प्लीज! दाशी म्हणजे जपानी स्टॉक, तो बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेला बोनिटो मासा यांचा असतो, आणि खरं पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटशिवाय (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमशिवाय) बनतच नाही, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

मागच्या वर्षी सासूबाईंना मुंबईत अशाच एका ठिकाणी नेलं होतं, त्या कांदालसूणही खात नाहीत. मेनूवर हिरवा ठिपका होता तरी मी विचारलं, वेटर किचनमध्ये जाऊन आला आणि म्हणाला दाशीत मासा आहे. मला तर घामच फुटला. मग शेफने कोंबू आणि वाळवलेल्या शिताके मशरूमचा दाशी वापरून वांग्याचं मिसो ग्लेझ दिलं, वरून ऑलिव्ह ऑइल, आणि सासूबाईंनी प्लेट पुसून खाल्ली. तेव्हा बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी स्टॉक बदलता येतोच असं नाही.