बिघडलेल्या छायाचित्राने तुम्हाला काय शिकवले?

कॅमेरा हाती आल्यावर पहिले काही महिने आपण बहुतेक सगळेच छायाचित्रे बिघडवत असतो, आणि नेमक्या कोणत्या छायाचित्राने डोळे उघडले हे पुढे चांगले लक्षात राहते. मुंबईकर सदस्यांनी असा एखादा प्रसंग, त्यात काय चुकले आणि नंतर काय बदलले, हे लिहावे. कॅमेऱ्याची कंपनी आणि किंमत सांगितली नाही तरी चालेल.

गिरगाव : अनंत चतुर्दशीला चौपाटीवर कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवून मी तीनशेच्या वर छायाचित्रे काढली. घरी येऊन संगणकावर पाहिली, तेव्हा मूर्ती स्पष्ट होती, पण ढोलवादकांचे हात, गुलाल उधळणारी मुले आणि वळून पाहणारे चेहरे यांचे नुसते फराटे उमटले होते. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याने शटर १/१५ सेकंद उघडे ठेवले होते. लेन्समध्ये कंपन रोखण्याची सोय असल्यामुळे मी निर्धास्त होतो. ती सोय आपला हात सावरते, समोरचा नाचणारा माणूस तिच्यामुळे थांबत नाही, हे तेव्हा कळले. पुढच्या वर्षी शटर १/२५० वर पक्के केले, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, लेन्सला जमेल तितके उघडले आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत जाऊ दिला. चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे आले खरे. पण दाणे सोसतात, फिसकटलेला चेहरा सोसत नाही. नवशिक्यांना आयएसओची जी भीती घातली जाते, ती मला अवाजवी वाटते.

विलेपार्ले : भाच्याच्या मुंजीत १.८ ॲपर्चरवर दोन रांगांचे सामूहिक छायाचित्र काढले. पुढचे आजी-आजोबा ठळक आले आणि मागच्या काकू-मावश्या धूसर. त्यावरून घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. आकडा लहान तर छिद्र मोठे, हे उलटे गणित मला तोवर उमगले नव्हते. हा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारा भागाकार असतो; म्हणून ५० मिमीच्या लेन्सचे छिद्र १.८ वर सुमारे २८ मिमी असते आणि ८ वर जेमतेम ६ मिमी. छिद्र लहान होते तसा पुढचा-मागचा अधिक भाग स्पष्ट येतो. आता दोन रांगा असल्या की मी ५.६ च्या खाली उतरत नाही.

शिवडी : रोहित पक्षी टिपण्यासाठी भल्या पहाटे जेट्टीवर गेलो, आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होऊन आले. खाडी पूर्वेला असल्यामुळे सकाळी सूर्य थेट समोर असतो, हे घरबसल्या नकाशातही दिसले असते. शिवाय ओहोटी होती, त्यामुळे थवा दूर चिखलात होता. पाणी चढू लागते तसे पक्षी काठाकडे सरकतात. हल्ली मी भरतीची वेळ पाहून दुपारनंतर जातो. हाच हिशेब गेटवेलाही लागू पडतो, कारण सकाळी चौकातून पाहिले तर सूर्य कमानीच्या मागे असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दर्शनी बाजू मात्र पश्चिमेकडे असल्यामुळे तिथे उतरती उन्हे उत्तम.

बोरिवली : वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम जुलैच्या हवेत काढला की काचेवर दव धरते. पुसत बसू नये. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वीच पिशवीत बंद करून ठेवावा आणि पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडावी. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या माझ्या एका लेन्समध्ये बुरशीचे जाळे पसरले. तेव्हापासून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या दमट झाल्या की बदलतो.

डोंबिवली : माझ्याकडे केवळ मोबाइल आहे. रात्रीच्या प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसे, म्हणून मी वर्षभर कॅमेऱ्यालाच दोष देत होते. लेन्सवर बोटांचा तेलकट ठसा होता. सुती रुमालाने पुसल्यावर धुके गेले.