प्रतिसाद: आधी अर्ज, मग व्हिडिओ
वर एकांनी लिहिलंय की पेटंट म्हणजे नुसती लूट, औषधात ते नकोच. किमतींबद्दलचा राग मला पूर्ण मान्य आहे, नेक्साव्हार हे कॅन्सरचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांच्या आसपास पडायचं, २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते औषध बनवायची सरकारी परवानगी) दिलं आणि तेच ८,८८० ला ठरलं, म्हणजे कायद्यात सोय आहे, ती वापरायला हवी. पण छोट्या माणसाचं काय?

माझा भाचा इथे बडोद्यातच बायोमेडिकल शिकतो. सलाइनची बाटली संपत आली की नर्सच्या टेबलावर दिवा लागेल असं यंत्र त्याने केलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या खुंटीला बाटली टांगून रात्र रात्र बसायचा, आत स्प्रिंग बॉलपेनची, आणि जमलं तसा लगेच यूट्यूबवर व्हिडिओ टाकून मोकळा झाला. तिथेच घोळ झाला हो! काही मोजके अपवाद सोडले तर पेटंटच्या अर्जाआधी सगळं उघड केलं की नवेपणा गेला, आणि नवेपणा नाही तर पेटंट नाही. खूप वाईट वाटलं मला, पोराची वर्षभराची मेहनत होती.

आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा, ऑनलाइन होतो, एकट्या माणसाला फी १,६०० रुपये, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आणि डॉक्टर मंडळींनो, उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच तसं आहे, पण त्यासाठी बनवलेल्या उपकरणाला मिळू शकतं.

आता त्याने थेंब मोजायचा सेन्सर वेगळ्या पद्धतीने बसवलाय, यावेळी अर्ज आधी टाकलाय.