वायरलेस करंट: नदीकाठची मोटर बिनतारेची चालंल काय?

उसाचाफड_करवीर
नमस्कार मंडळी. आमची पाच एचपीची मोटर पंचगंगेच्या काठाला हाय, डीपीपासनं जवळजवळ किलोमीटरभर लांब. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला पोचायच्या आधी मोटर उचलून वर आणतो ते ठीक, पण पोल आणि केबल कुठं उचलून न्यायची? 2019 च्या महापुरात पोल आडवे झाले, 2021 ला परत तेच, आणि पुरातनं वाचलेली केबल उन्हाळ्यात चोरानं कापून नेली. आता व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय की हवेतनं करंट पाठवायचा शोध लागला, तारच नको, आणि चुलतभाऊ म्हणतोय एकजण "वायरलेस मोटर किट"चं बुकिंग घेतोय, 5000 भरून टाकू. निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञानं हे शंभर वर्षापूर्वीच केलं होतं पण दाबून टाकलं असंबी त्यात सांगितलंय. खरं काय यात? आणि करंट हवेतनं येणार आसंल तर शेजारच्यानं हवेतच आकडा टाकला तर बिल कुणाला?

रंकाळा_कट्टा
हवेत आकडा 😂 नाद खुळा. महावितरणच्या भरारी पथकाला आता विमानच द्यावं लागंल.

शिरोली_मेंटेनन्स
भावा, आधी पैसे भरू नको, मग बाकीचं बोलू.

हवेतनं वीज जाते ही थाप नाय. मी फौंड्रीत मेंटेनन्सला हाय, आमच्या इंडक्शन फर्नेसमध्ये रोज तेच चालतं. तांब्याच्या पाइपची कॉइल, पाइपमधनं गार पाणी फिरतंय, आत उष्णता सोसणाऱ्या लायनिंगची भिंत आणि त्याच्या आत लोखंड. लोखंडाला एकबी तार जोडलेली नसती तरी त्याचं पाणी होतंय. फोनचा वायरलेस चार्जर हे त्याचंच बारकं पिल्लू. पण आमच्यात कॉइल आणि माल यात अंतर किती, तर लायनिंगच्या जाडीएवढं. कॉइल जेवढी रुंद, साधारण तेवढ्या अंतरापर्यंत हे झकास चालतं, त्याच्यापुढं एकदम ढेपाळतं. फोन चार्जरवर जरा तिरका ठेवून बघ, चार्जिंग कमी आणि फोन गरम.

2007 ला अमेरिकेत एमआयटी विद्यापीठवाल्यांनी दोन्हीकडच्या कॉइल एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवून 2 मीटरवर 60 वॉटचा बल्ब पेटवला, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. कॉइल ते कॉइल 40 टक्क्याच्या आसपास वीज पोचली. 2 मीटरला ही गत, तुझं किलोमीटर हाय. आणि मधी लोखंडाचा तुकडा आला की तो तापतो, म्हणून चांगल्या चार्जरात मधी नाणं किंवा किल्ली आली तर बंद व्हायची सोय असती. सगळीकडं तारा, पत्रा, विळे पडलेल्या शेतात हे उघड्यावर ठेवायचं म्हणजे कठीणच.

अँटेनावाला
वरचे दादा म्हणतात ते कॉइलचं, ते जवळचं काम. लांब पाठवायचं तर मायक्रोवेव्ह किंवा लेसरचा झोत करावा लागतो आणि तेही खरोखर झालंय. 1975 ला कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला 26 मीटरच्या डिशमधनं दीड किलोमीटरवर 30 किलोवॅटच्या वर वीज मिळवली होती, विल्यम ब्राऊन नावाचा इंजिनियर त्यात होता. पलीकडं लहर पकडणाऱ्या अँटेनाच्या जाळीवर जेवढी लहर पडली त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्तीचं डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) झालं, ही भारी गोष्ट आहे. पण जाळीच्या बाहेर सांडलं ते गेलंच.

आता तुमच्या मोटरचा हिशोब करू. लहर पसरते, तिला एका जागी धरायला मोठी डिश लागते. लहरीची फ्रिक्वेन्सी 5.8 गिगाहर्ट्झ धरली तर एक किलोमीटरला दोन्हीकडं साधारण आठ आठ मीटर व्यासाच्या डिश पाहिजेत, आणि वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर त्याहून मोठ्या. म्हणजे डीपीजवळ एक आणि पुराच्या पाण्यात एक. पाच एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट, मोटरचा आणि बाकीचा लॉस धरून झोतात सहाएक किलोवॅट सोडावे लागतील, म्हणजे दर चौरस मीटरला शंभर वॉटच्या वर. सर्वसामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 10 वॉट आहे. त्यात माणूस भाजून निघणार नाही, पण भांगलणीला बायका दिवसभर वाकून असतात अशा शेतावरनं हे सोडायला परवानगी कोण देणार?

लॉसही बघा. लाईनच्या एसीचं डीसी, डीसीची लहर, लहरीचं परत डीसी, मग मोटरसाठी परत एसी. प्रयोगशाळेत अगदी जवळ ठेवून मोजलेला डीसी ते डीसी आकडा 54 टक्के होता, तोही 1975 चाच. आणि 16 स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम केबलमध्ये किलोमीटरला तुमच्या मोटरचा लॉस 7 टक्क्यांच्या आसपास येतो. तार इतकी स्वस्त आणि चांगली आहे की तिला हरवणं अवघड आहे हो.

लेसरचं सांगायचं तर 2025 ला अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं 8.6 किलोमीटरवर 800 वॉट पोचवले, 30 सेकंद. ड्रोनला, सैन्याला ठीक. आपल्याकडं नदीकाठाला पहाटेचं धुकं पडलं की लेसर बसला घरात.

आकड्याचं उत्तर: झोतात वीज चोरायची तर झोताच्या मधोमध जाळी घेऊन उभं राहावं लागेल, मोटर लगेच बंद पडेल आणि तुम्हाला कळेल. कॉइलच्या पद्धतीत मात्र जवळ जुळवलेली कॉइल ठेवून थोडी वीज ओढता येते.

जुना_वायरमन
टेस्लाचं दाबलं बिबलं काही नाही. त्याचा बिनतारी प्रयोगाचा अमेरिकेतला वॉर्डनक्लिफ टॉवर 1901 ला बांधायला घेतला, जे. पी. मॉर्गन या बँकवाल्यानं दीड लाख डॉलर दिले, पुढं आणखी द्यायचं नाकारलं, काम रखडलं, 1917 ला टॉवर पाडला. त्या टॉवरनं जगाला वीज पुरवली असं कधी झालंच नाही. माणूस मात्र ग्रेट, आपल्या घरात येणारा एसी करंट आणि तुझी थ्री फेज मोटर दोन्हीत त्याचा हात हाय.

केएमटी_प्रवासी
मग हे कुठंच उपयोगी नाही का? कोरियात बसला रस्त्यातनं करंट देतात असं वाचलं होतं.

अँटेनावाला
हो, गुमी शहरात 2013 ला सुरू केलं, रस्त्याखाली कॉइल, बसच्या पोटाशी कॉइल, मधी 17 सेंटीमीटर, 85 टक्के वीज पोचायची. अंतर कमी म्हणून जमतं. डेपोत बस उभी राहिली की आपोआप चार्ज, पावसात प्लग हाताळायचा नाही, हे मला पटतं. सगळा रस्ता खोदून कॉइल पुरायचं मात्र पटत नाही, आपल्याकडं तर पुरलेली कॉइल पाण्याच्या पाइपलाइनवाले पुढच्याच महिन्यात उकरून काढतील.

बारीक वीज लागते तिथं तर हे कधीच आलंय. किणी टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा, त्यात बॅटरी नसते, नाक्यावरच्या रीडरच्या लहरीतनंच त्याला जागं व्हायपुरती वीज मिळते. पण ती मायक्रोवॅटमध्ये. ऐकू यायसाठी कानात बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही कातडीच्या आरपार अशीच वीज देतात. तिथं तार नकोच असते, म्हणून लॉस झाला तरी चालतो.

उसाचाफड_करवीर
लई आभार मंडळी. त्या किटवाल्याला फोन लावला आणि विचारलं, किती फुटावर किती वॉट देतोस, दोन्हीकडं मीटर लावून दाखव. तर म्हणतोय "केबल तुमची तुम्ही टाकायची, आमच्या किटमध्ये सिमकार्ड हाय, घरात बसून मोटर चालू बंद करा."

शिरोली_मेंटेनन्स
आरं मग तो मोबाईल स्टार्टर हाय! वायरलेस फक्त बटण, करंट तारेतनंच. पाहिजे तर घे, रात्रीची लाईट असली की उपयोगी पडतंय, पण इलेक्ट्रिकच्या दुकानातनं बिल घेऊन घे. केबल ॲल्युमिनियमचीच टाक, तांब्याएवढा भंगारात भाव नाय म्हणून चोराला त्यात फायदा कमी. आणि "मागेल त्याला सौर कृषी पंप"चा फॉर्म भरून बघ, सर्वसाधारण गटाला 10 टक्के हिस्सा भरावा लागतो. पॅनेल मात्र 2019 च्या पूररेषेच्या वर बसव.

उसाचाफड_करवीर
वर आमची जागाच नाय, वर चुलत्याचा बांध हाय. त्याच्याशी बोलायचं म्हणजे वायरलेसपेक्षा अवघड काम.