हायड्रोजनयुक्त पाण्याने धावण्याचा दम वाढतो का?

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ)
माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई भरतीची तयारी करीत आहे. १६०० मीटर धावताना शेवटच्या फेरीत त्याचे पाय जड पडतात. पाण्यात हायड्रोजन मिसळणारी बाटली घेतल्यास थकवा येत नाही, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. बाटलीला क्विंटलभर कापसाचे पैसे लागतील, म्हणून आधी जाणकारांना विचारते.

उत्तर (शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक, वर्धा)
ताई, यामागे संशोधन मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये जपानात दहा फुटबॉलपटूंवर झालेल्या चाचणीत हे पाणी प्यायल्यावर जोरदार व्यायामानंतर रक्तातील लॅक्टेट (जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) कमी वाढले आणि स्नायूंची ताकदही कमी घसरली. परंतु दहा खेळाडूंचा गट फार लहान आहे. पुढच्या चाचण्यांपैकी काहींत थकवा किंचित कमी जाणवला, काहींत काहीच फरक दिसला नाही. आणि १६०० मीटरची वेळ जिच्यावर मुख्यतः अवलंबून असते, ती प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या पाण्याने वाढते, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय लॅक्टेट म्हणजे शरीरात साचलेले विष नव्हे, हृदय आणि स्नायू त्याचा इंधन म्हणून वापर करतात. जाहिरातीत नेमके हेच सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

उत्तर (मैदानावर मुलांचा सराव घेतो, ब्रह्मपुरी)
सरांच्या मताशी सहमत आहे. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो, आणि उघड्या किंवा साध्या प्लास्टिकच्या बाटलीतून तो लवकर उडून जातो. मग आपल्याकडच्या मे महिन्यात मैदानावर पोहोचेपर्यंत त्यातला किती उरणार? भावाची शेवटची फेरी जड जाते, याचे कारण बहुधा पहिली फेरी फार वेगात धावणे हे असावे. प्रत्येक फेरीची वेळ टिपून ठेवा, आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार-पाच धावा मध्ये विश्रांती देऊन घ्या आणि सराव उजाडतानाच संपवा. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, त्यासाठी मीठ घातलेले ताक पुरेसे आहे.

प्रश्नकर्ती
सर, भाऊ, आपले मनापासून आभार. विचारल्यावर कळले की तो पहिली फेरी खरोखरच सर्वांच्या पुढे धावतो. बाटली घेणार नाही. त्या पैशांतून त्याला चांगले बूट घेऊ आणि उद्यापासून प्रत्येक फेरीची वेळ मी स्वतः वहीत लिहीन.