मदत हवी आहे : काटोलकर की ढोले?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, महालातले. आडनाव काटोलकर. पण पणजोबांच्या चौथीच्या दाखल्यावर 'ढोले' आहे. ते खोडून वर बारीक अक्षरात काटोलकर केलंय. कुणी खोडलं, घरात कुणालाच सांगता येत नाही. वाटलं, 1911 किंवा 1931 च्या जनगणनेत सापडेल. मध्य प्रांत-वऱ्हाडाचे छापील अहवाल चाळले, तर जिल्हा, जात, धर्म, भाषा यांचे नुसते आकडे! माणसाचं नाव कुठंच नाही. (डोळे मात्र गेले.) आता काटोलकडचं जुनं कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजून सारा ठरवतानाचे कागद) बघायची आहे. कुणी अशी नक्कल काढली आहे का? अर्जात नेमकं काय लिहायचं? मोडी वाचून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.